घासणाऱ्या हातांची विद्या

काळ्याभोर अंगावर चांदीची नाजूक वेलबुट्टी मिरविणारे बिदरी भांडे पाहिले की पाहणाऱ्याच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, "ही नक्षी कोणी कोरली?" कोरणाऱ्याचे कौतुक व्हावे यात वावगे काही नाही. परंतु ज्या अंगावर ती नक्षी शोभते ते अंग इतके गुळगुळीत कोणी केले, हे सहसा कोणी विचारीत नाही. कानस, खरवडण्याची पट्टी आणि काचकागद घेऊन तासन् तास एकाच जागी बसलेला तो कारागीर पाहुण्यांच्या नजरेस क्वचितच पडतो. आणि तरीही बिदरी कामातील जाणत्या माणसास विचाराल, तर तो सांगेल की वस्तू साधते किंवा बिघडते ती बरीचशी घासण्यातच.

आपल्या सीमाभागातील या जुन्या कलेतील घासकाम म्हणजे काय, ते दोन वेळा का करावे लागते, नवशिक्याने त्यातून काय उचलावे, आणि घरी प्लास्टिकची विमाने किंवा ट्रॅक्टर जोडणाऱ्या आपल्या मुलांना त्याचा काय उपयोग, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

बिदर आणि आपला मुलूख

बहमनी सुलतान अहमदशहा याने पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात आपली राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला हलविली. त्या काळी इराणातून पुष्कळ विद्वान, शिल्पी व कारागीर दक्षिणेत आले. धातूवर चांदी बसविण्याची ही कला त्यांच्याबरोबर आली, अशी परंपरागत समजूत आहे. येथील कारागिरांनी तिला आपले रूप दिले, आणि गावाच्या नावावरूनच ती जगभर 'बिदरी' म्हणून ओळखली जाऊ लागली. पुढे हैदराबाद, लखनौ, पूर्णिया व मुर्शिदाबाद येथेही ती रुजली. परंतु नाव बिदरचेच राहिले. १८५१ साली लंडनमध्ये भरलेल्या महाप्रदर्शनात बिदरी वस्तू मांडलेल्या होत्या, आणि तेथील व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात आजही अशा वस्तूंचा मोठा संग्रह आहे.

भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद या तालुक्यांत मराठी बोलणारी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या नांदत आली आहेत. हा सारा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. जुन्या बिदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्याकडे गेले, आणि उरलेल्या जिल्ह्याचा बराचसा भाग गुलबर्ग्यासह म्हैसूर राज्यात आला. तेच राज्य १९७३ पासून कर्नाटक झाले, आणि २०१४ पासून गुलबर्ग्याचे नाव कलबुर्गी झाले. सीमा हलल्या, फलकांवरील लिपी बदलल्या. परंतु लग्नात अथवा निरोपसमारंभात बिदरी फुलदाणी किंवा अत्तरदाणी भेट देण्याची रीत सीमेच्या दोन्ही बाजूंस टिकून राहिली. २०१७ साली बिदर-कलबुर्गी हा सुमारे ११० किलोमीटरचा लोहमार्ग पूर्ण झाल्यापासून कलबुर्गीकडच्या मंडळींना बिदर अधिकच जवळ आले आहे.

या कलेस २००६ साली भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले, आणि २०२३ साली बिदरचे ज्येष्ठ कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना 'पद्मश्री' देऊन राष्ट्राने तिचा गौरव केला. असे मान मिळाले म्हणजे लोकांचे लक्ष तयार वस्तूकडे जाते. ती तयार होते कशी, हेही जाणून घेणे आपले काम आहे.

पहिले घासकाम

बिदरी भांड्याचा धातू म्हणजे मुख्यतः जस्त. त्यात थोडे तांबे मिसळतात. सोळा भाग जस्तास एक भाग तांबे, असे प्रमाण बहुधा सांगितले जाते. जस्त सुमारे ४१९ अंश सेल्सियस उष्णतेला वितळते, म्हणजे लोखंड-तांब्याच्या मानाने ते लवकर पातळ होते, आणि साध्या भट्टीवरही काम होऊ शकते. मातीत एरंडेल व राळ कालवून ती मळतात, तिचा साचा करतात आणि त्यात हा रस ओततात. सुरई, हुक्क्याचे बूड अशा पोकळ वस्तूंचे भाग पुष्कळदा वेगवेगळे ओतून मग डाक देऊन जोडलेले असतात.

साच्यातून निघालेली वस्तू पाहून नवख्यास निराशाच वाटेल. अंग खरबरीत, साच्याच्या मातीचे ठसे उमटलेले, कडांना नको असलेली धातूची शिवण, आणि रस ओतण्याच्या जागी राहिलेला खुंट. येथून पहिले घासकाम सुरू होते. आधी मोठ्या दातांच्या कानशीने खुंट व शिवण उतरवितात. नंतर बारीक कानस. मग धारदार पट्टीने खरवडणे. आणि शेवटी काचकागद, तोही जाड दाण्याचा आधी व बारीक दाण्याचा नंतर. आता काही ठिकाणी विजेवर फिरणारे चाक हे काम हलके करते. तरीही कोपरे, गळा, पायाची कड येथे हातच लागतो.

या क्रमात एक साधे तत्त्व दडलेले आहे. प्रत्येक हत्यार आपल्या आधीच्या हत्याराचे ओरखडे मिटविते व स्वतःचे अधिक बारीक ओरखडे मागे ठेवते. गुळगुळीतपणा म्हणजे ओरखड्यांचा अभाव अशी आपली समजूत असते. वास्तविक तो डोळ्यांस न दिसण्याइतक्या बारीक ओरखड्यांचा समूह होय. म्हणून ज्याने मधली पायरी गाळली, त्याच्या भांड्यावर जाड कानशीची रेघ शेवटपर्यंत राहते. बारीक कागद कितीही वेळ फिरविला, तरी खोल चर भरून निघत नाही. त्याच्या कडा तेवढ्या चकाकू लागतात, आणि चर अधिकच उठून दिसतो.

घासून झाले की त्या अंगावर मोरचुदाचे पाणी लावतात. जस्त तात्पुरते काळे पडते. नक्षी रेखताना व कोरताना छिन्नीची पांढरी रेघ त्या काळ्या अंगावर स्पष्ट दिसावी, हा त्याचा हेतू. परंतु या काळेपणाचा आणखी एक उपयोग घडतो. जी उणीव उजळ धातूवर डोळ्यांना चुकवून गेली होती, ती एकरंगी काळ्या अंगावर समोर येते. खड्डा, ओरखडा, शिवणीचा उंचवटा, सारे आपोआप साक्ष देऊ लागतात. शहाणा शिकाऊ याच वेळी वस्तू पुन्हा मागे नेतो व पुन्हा घासतो. पुढे चांदी बसली की हा मार्ग बंद होतो.

दुसरे घासकाम

यानंतर कोरणारा बसतो. वस्तू मेणात रोवून किंवा पकडीत घट्ट धरून तो छिन्नीने नक्षी खोदतो, आणि त्या खोदलेल्या जागी चांदीची तार किंवा पातळ पत्रा हातोडीने ठोकून बसवितो. तारेच्या कामास तारकशी म्हणतात, पत्रा बसविण्याच्या कामास तहनिशान. नक्षी थोडी उठावदार असली तर जरनिशान, पुष्कळ उंच असली तर जरबुलंद. आफताबी कामात पत्र्यालाच जाळी कापून तो असा बसवितात, की चांदीच्या पार्श्वभूमीवर काळी फुले दिसतात.

चांदी ठोकून झाल्यावर तिच्या कडा अंगाच्या किंचित वर राहतात. म्हणून कानस व काचकागद दुसऱ्यांदा हाती येतात. अंगाची पातळी व चांदीची पातळी एक व्हावी, बोट फिरविले असता सांधा लागू नये, हे उद्दिष्ट. मोरचुदाचा काळेपणा या घासण्यात निघून जातो आणि सारे भांडे एकसारखे उजळ होते. मौज अशी, की या क्षणी महिन्याभराची नक्षी जवळजवळ नाहीशी होते. चांदीही पांढरी आणि जस्तही पांढुरके, कोठे काय आहे ते ओळखणे कठीण.

खरी परीक्षा येथे आहे. चांदी पातळ असते. पहिल्या खेपेस जास्त घासले तर थोडा धातू वाया जातो, एवढेच. दुसऱ्या खेपेस जास्त घासले तर चांदीच झिजते, तारेची रेघ कोठे जाड कोठे बारीक होते, पत्र्यास भोक पडते. कोरणाऱ्याचे सारे श्रम घासणाऱ्याच्या दोन-चार फटक्यांत जाऊ शकतात. उलट कमी घासले तर चांदीची कड वर राहते, कापडात अडकते आणि पुढे उचकटते. म्हणून या खेपेस हात हलका, कागद बारीक, आणि नजर सतत कामावर असावी लागते. उठावाच्या कामावर सपाट ठोकळा चालतच नाही. तेथे कागदाची घडी बोटाच्या टोकावर घेऊन नक्षीच्या वळणाने फिरवावी लागते. केव्हा सुरू करावे हे कोणीही सांगेल. केव्हा थांबावे हे अंगी मुरण्यास वर्षे जातात.

किल्ल्याची माती

शेवटचा संस्कार बिदर किल्ल्यातील मातीचा. किल्ल्याच्या जुन्या भागांतून, जेथे शतकानुशतके ऊन-पाऊस पोचलेला नाही अशा जागेतून ही माती आणतात. मुरलेले कारागीर ती जिभेवर ठेवून पारखतात. नवसागर व ही माती पाण्यात मिसळून तो लेप किंचित तापविलेल्या भांड्यावर चोळतात. पाहता पाहता अंग काळेभोर होते आणि चांदी मात्र पांढरीच राहते. मिश्रणातील थोडेसे तांबे येथे उपयोगी पडते. निव्वळ जस्तावर असा गडद रंग चढत नाही. मग भांडे धुऊन, पुसून त्यावर तेलाचा हात फिरवितात, म्हणजे काळेपणा अधिक खुलतो.

लोक या मातीला चमत्कार म्हणतात. ती गुणी आहे यात शंका नाही. परंतु घासकामातील एकही दोष ती झाकीत नाही. राहिलेला ओरखडा काळ्या अंगावर रेघ होऊन बसतो. चांदीच्या कडेशी राहून गेलेली फट काळी धार होऊन दिसते. माती फक्त निकाल सांगते. निकाल काय लागावयाचा, ते आधीच काचकागदावर ठरलेले असते.

घरातील नवशिक्यांसाठी

आता आपल्या घराकडे वळू. जोडणीचे प्लास्टिकचे संच अलीकडे पुष्कळ मुलांच्या हाती येतात. या खेळाचा उगम आपल्या शेतकरी वाचकांस आवडेल असा आहे. १९४९ साली इंग्लंडमधील एअरफिक्स या कंपनीने फर्ग्युसन ट्रॅक्टरची छोटी प्रतिकृती बनविली. विक्रेत्यांनी ती गिऱ्हाइकांस दाखवावी, हा मूळ हेतू. पुढे ती सुट्या भागांत विकू लागले. १९५२ साली त्याच कंपनीने 'गोल्डन हाइंड' या जहाजाचा स्वस्त संच काढला आणि हा छंद घरोघर पोचला. हे संच बहुधा पॉलिस्टायरिन नावाच्या प्लास्टिकचे असतात, आणि तेही साच्यातच ओतलेले असतात. म्हणून बिदरी भांड्याचे दोष ते यांचेही दोष: चौकटीपासून तोडलेल्या जागी राहिलेला देठाचा खुंट, साच्याच्या दोन अर्ध्यांमधील शिवण, आणि दोन भाग चिकटविल्यावर दिसणारी सांध्याची रेघ. उपायही तेच.

पहिली गोष्ट कागदाची ओळख. काचकागद हे नाव आपल्याकडे रूढ झाले, कारण पूर्वी कागदावर काचेचा चुरा चिकटवीत. आता बहुधा कृत्रिम कठीण दाणे वापरतात. कागदाच्या पाठीवर आकडा छापलेला असतो. मुळात हा आकडा दाणे चाळण्याच्या चाळणीवरून आला: एक इंचात जितकी छिद्रे अधिक, तितके दाणे बारीक. म्हणून आकडा मोठा तितका कागद मऊ. प्लास्टिकसाठी ४०० पासून आरंभ करावा, मग ६०० किंवा ८००, नंतर १०००, आणि शेवटी १२०० अथवा त्याहून वर. लाकडास लावावयाचा ८० किंवा १०० चा जाड कागद प्लास्टिकला लावू नये. त्याने पडलेले चर बुजविताना वस्तूचा आकारच जातो.

दुसरी गोष्ट तोडण्याची. भाग चौकटीतून पिळून तोडू नये; तसे केल्यास अंगाचा लचका निघतो आणि मग खड्डा भरण्याचे नवे काम होते. थोडा देठ राखून बारीक कातरीने कापावा, उरलेला देठ धारदार पात्याने पातळ पातळ काढावा, आणि शेवटचा केसभर भाग तेवढा कागदावर सोपवावा. पात्याचे काम मोठ्या माणसाने करावे किंवा मुलाशेजारी बसून करवून घ्यावे.

तिसरी गोष्ट पाण्याची. काळा, पाण्यात टिकणारा कागद घ्यावा आणि तो ओला करून घासावे. कोरडे घासले तर कागदाचे दाणे प्लास्टिकच्या चुऱ्याने लवकर बुजतात. शिवाय घर्षणाने उष्णता निर्माण होते, आणि पॉलिस्टायरिन हे उकळत्या पाण्याच्या उष्णतेच्या सुमारास मऊ पडते; जोरात घासणाऱ्याच्या हाताखाली ते ओशट होऊन ओढले जाते. पाणी उष्णता घेते, चुरा वाहून नेते व धूळ उडू देत नाही. एका लहान वाटीत पाणी आणि त्यात साबणाचा एक थेंब पुरेसा आहे.

चौथी गोष्ट हाताची. सपाट भाग घासताना कागद नुसत्या बोटाने धरू नये. बोटाचा मऊ मांसल भाग मध्ये दबतो व कडा गोल होतात. खोडरबराचा किंवा लाकडाचा लहान तुकडा कागदाच्या पाठीशी घ्यावा. गोल भागावर मात्र बोटच बरे. एका कागदाने आडवे घासले तर पुढच्या कागदाने उभे घासावे. म्हणजे आधीचे आडवे ओरखडे पुरते गेले की नाही ते लगेच कळते. कागद बदलताना वस्तू धुऊन घ्यावी, नाहीतर जाड कागदाचा एखादा दाणा राहून बारीक कागदाचे सारे काम बिघडवितो.

पाचवी गोष्ट थांबण्याची व तपासण्याची. दिव्याखाली वस्तू तिरपी धरावी; सरळ उजेडात न दिसलेली रेघ तिरप्या उजेडात दिसते. मग डोळे मिटून बोट फिरवावे. चिकटविलेला सांधा पुरता वाळल्याशिवाय घासू नये. आतून ओला असलेला सांधा पुढे आक्रसतो आणि रेघ पुन्हा उमटते. रंग देण्याआधी फिकट करड्या रंगाचा पातळ हात द्यावा. मोरचूद जे बिदरी अंगावर करतो तेच हा हात प्लास्टिकवर करतो. लपलेले दोष उघड करतो. दोष दिसला तर रागावू नये, मागे जावे. पारदर्शक खिडक्यांवर चरे पडले असतील, तर सर्वांत बारीक कागदानंतर मऊ फडक्यावर दातांची पेस्ट घेऊन हळूहळू चोळावे. काच पुन्हा निवळते.

या पाच गोष्टी मुलाने पाळल्या तर त्याचे पहिलेच विमान शेजाऱ्याच्या मुलाच्या दहाव्या विमानापेक्षा देखणे होईल. त्याहून मोठा लाभ असा, की बिदरी भांडे हाती आले तर त्याला ते पाहता येईल.

धुळीविषयी

घासकामाचे गुण गाताना त्याचा दोषही सांगितला पाहिजे. जेथे घासणे आहे तेथे धूळ आहे. धातूची, काचकागदाची, चाकाची, प्लास्टिकची, कोणतीही बारीक धूळ श्वासावाटे वर्षानुवर्षे आत जात राहिली तर छातीस अपाय होतो. शिवाय जस्त फार तापले की त्याचा पांढरा धूर निघतो, आणि तो श्वासात गेल्यास थंडी वाजून ताप भरतो. ओतकाम करणाऱ्यांना हा ताप जुन्या काळापासून ठाऊक आहे. लहान खोली, एकच दार, आणि त्याच खोलीत स्वयंपाक व झोपलेली लहान मुले, अशी जेथे स्थिती असेल तेथे धोका एकट्या कारागिराचा राहत नाही, साऱ्या घराचा होतो.

उपाय खर्चाचे नाहीत. १९२१ साली अमेरिकेतील थ्री-एम कंपनीने पाण्यात टिकणारा काचकागद बाजारात आणला, आणि ओले घासणे सर्वांच्या आवाक्यात आले. मोटारी रंगविणाऱ्यांची धूळ त्याने पुष्कळ कमी केली. जेथे शक्य आहे तेथे ओले घासावे. चाकावरचे काम उघड्या जागेत किंवा वारा बाहेर नेणाऱ्या पंख्यापाशी करावे. नाका-तोंडावर चांगली पट्टी बांधावी. साधा रुमाल बारीक धूळ अडवीत नाही, धुळीसाठीच केलेली मुखपट्टी घ्यावी. जमीन कोरड्या झाडूने झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. कामाच्या जागी खाऊ नये, आणि जेवण्यापूर्वी हात धुवावेत. कामाचे कपडे मुलांच्या कपड्यांत मिसळू नयेत. ज्या आईबापांची मुले घरी प्लास्टिक घासतात, त्यांनीही हेच नियम लहान प्रमाणात पाळावेत.

हे सांगण्याचे कारण असे. वडिलांचा खोकला ऐकत वाढलेला मुलगा वडिलांचे आसन घेण्यास कचरतो. एखादी विद्या टिकावी असे वाटत असेल, तर ती शिकणाऱ्याचे शरीरही टिकले पाहिजे. सन्मानपत्र भिंतीवर लागते. श्वास मात्र रोज घ्यावा लागतो.

विकत घेणाऱ्याने आणि सांभाळणाऱ्याने

आपण वाचक बहुधा घासणारे नसू, घेणारे असू. घेणाऱ्याचेही कर्तव्य आहे. वस्तू हाती घेतल्यावर आधी डोळे मिटून तिच्यावरून बोट फिरवावे. चांदी व काळे अंग यांच्यामध्ये पायरी लागू नये. मग उजेडात तिरपी धरून पाहावे: काळा रंग सर्वत्र सारखा आहे काय, त्यातून कानशीच्या रेघा डोकावतात काय? चांदीची रेघ एका जाडीची आहे काय, की मध्येच झिजून विरली आहे? तळ व आतील कड पाहण्यास विसरू नये. जेथे गिऱ्हाईक पाहत नाही तेथेही ज्याने घासले, त्या कारागिराचे काम उरलेल्या जागीही खरे असते.

अशी वस्तू सापडली की भाव करताना थोडे थांबावे. दोन वस्तूंत चांदी सारखीच असली आणि एकीची किंमत अधिक असली, तर तो फरक पुष्कळदा या न दिसणाऱ्या तासांचा असतो. ते तास आपण नाकारले, तर पुढच्या वेळी कारागीर ते देणार नाही. त्यास दोष कसा द्यावा? घाईने घासलेली वस्तू बाजारात खपू लागली की निगुतीने घासणारा हात आपोआप रिकामा होतो, आणि एकदा मोडलेली सवय परत येत नाही.

घरी आणलेल्या वस्तूविषयी गृहिणींना एक विनंती. आपल्याकडे तांब्या-पितळेची भांडी चिंच, राख, लिंबू व काथ्याने लख्ख घासण्याची चांगली सवय आहे. ती सवय बिदरीस लावू नये. आंबटाने व राखेने तो काळा थर उतरतो आणि कारागिराचे सारे श्रम मोरीत वाहून जातात. मऊ कोरड्या फडक्याने पुसावे, अधूनमधून खोबरेल तेलाचा अगदी पातळ हात फिरवून तेल पुसून घ्यावे. फुलदाणीत पाणी ठेवणे झाल्यास आत काचेचे अथवा डब्याचे भांडे बसवावे. चांदी काळवंडली तर ती घरी खरवडण्यापेक्षा जाणत्याकडे न्यावी. ज्या वस्तूचे घासणे पुरे झाले आहे, तिला पुन्हा न घासणे हाही तिचा मान राखण्याचाच प्रकार आहे.

शेवटी शिकणाऱ्या मुलांसाठी एक गोष्ट. घासकाम हे हलक्या माणसाचे काम, नक्षी हे गुणवंताचे, असा भेद करणे सोपे असते. बिदरी भांडे तो भेद मान्य करीत नाही. तेथे नक्षीच्या आधी घासणे आहे आणि नक्षीच्या नंतरही घासणे आहे. मधल्या कामास दोन्हीकडून त्याचाच आधार आहे. शेतात पेरणीपूर्वीची कुळवणी आणि पेरणीनंतरची खुरपणी यांना पिकाच्या राशीत वेगळे स्थान नसते, परंतु त्यांवाचून रास होत नाही, हे आपल्या घरात कोणास सांगावयास नको. पुढच्या वेळी बिदरला जाणे झाले, तर मुलांना किल्ला आणि महमूद गवानचा मदरसा अवश्य दाखवावा, आणि जमले तर कारखान्याच्या दाराशी क्षणभर उभे राहून, कोपऱ्यात कागदाची घडी बोटावर घेऊन बसलेल्या माणसाला, "हे किती वेळ चालते?" एवढे विचारावयास सांगावे. त्याचे उत्तर मुलांच्या ध्यानात राहील.